युथवाल्या मुलांची आई: नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका कोणासाठी?

वाशी ते पनवेल या पट्ट्यात राहणाऱ्या, रविवारी मिस्साला जाणाऱ्या आणि ज्यांच्या लेकराचं कन्फर्मेशन नुकतंच झालं आहे, अशा कॅथलिक मातांसाठी. इतरांनीही जरूर वाचावी. शेजारच्या घरात रात्री अकराला गिटार का वाजते आणि जिन्यात पुठ्ठ्याचा क्रूस का उभा असतो, याचा उलगडा होईल.

कन्फर्मेशनच्या दिवशी बिशप मुलाच्या कपाळाला पवित्र तेल लावतात आणि ते श्रद्धेच्या बाबतीत जाणतं झालं असं आपण मानतो. फोटो होतात, बिर्याणी होते. पुढच्याच रविवारी चर्चच्या दारात एक हसरी मुलगी वही घेऊन उभी असते. ती नाव आणि मोबाइल नंबर लिहून घेते. झालं. मूल 'युथ'मध्ये गेलं. साधारण तिशीपर्यंत आता सुटका नाही.

माझी दोन्ही गेली. थोरली ॲनिमेटर आहे, म्हणजे लहानांना गोळा करून खेळ, गाणी आणि बायबल यांचं मिश्रण करणारी. धाकटा साउंड सांभाळतो आणि फुटबॉलच्या संघात गोलकीपर असतो.

माझं माहेर वसईचं. तिथे आम्हाला युथ मिनिस्ट्री वगैरे लागलीच नाही. आळीत कुणाकडे मयत झालं की पोरं खुर्च्या उचलायला आपोआप हजर. कुणाची सुकेळी वाळत पडली आणि पाऊस आला, तर ज्याला दिसलं त्याने ती आत घ्यायची. इथलं गणित वेगळं. सिडको १९७० साली स्थापन झाली, तिने आधी कागदावर सेक्टर आखले आणि मग त्यात माणसं येऊन राहिली. रस्ते सरळ, गटारं झाकलेली, प्रत्येक प्लॉटला नंबर. समोरच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं हे मात्र कुरिअरवाल्याला विचारावं लागतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

लागणारं साहित्य

पांढऱ्या जुन्या चादरी, शक्य तितक्या. बारा प्रेषित आणि किमान तीन देवदूत यांची सोय त्यातूनच व्हायची असते.

सेफ्टी पिना, डबाभर.

एक्स्टेंशन बोर्ड. कोणताही कार्यक्रम असो, पॅरिश हॉलमधला बोर्ड त्याच दिवशी बंद पडतो.

मोठं पातेलं, नाव घातलेलं. नाव कुणी घातलं, कुठल्या लग्नात मिळालं, तारीख काय, सगळं कोरलेलं असू द्या. माझ्या नणंदेने दिलेलं पातेलं एकदा भलत्याच पॅरिशच्या सणाला भात शिजवून परत आलं, ते केवळ त्या कोरीव अक्षरांच्या जोरावर.

सोसायटीच्या सेक्रेटरींशी बरे संबंध. हे बाजारात मिळत नाहीत. दर नाताळला केक पाठवून तयार करावे लागतात.

पायरी पहिली: भाषा शिका

'दहा मिनिटांची मीटिंग आहे' याचा अर्थ जेवायला थांबू नका. 'फेलोशिप' म्हणजे मीटिंगनंतर वडापावच्या गाडीवर झालेली खरी मीटिंग. 'मम्मा, तू काही करू नकोस, आम्ही सगळं बघतो' म्हणजे पन्नास माणसांचे सँडविच उद्या सकाळी सातला तयार पाहिजेत. 'फादर म्हणाले' म्हणजे फादरना अजून विचारायचं आहे.

शेजारी केरळची मंडळी असतील तर थोडा जादा अभ्यास. तीही कॅथलिकच, पण सिरो-मलबार रीतीची. त्यांच्यासाठी १९८८ साली कल्याणचा वेगळा धर्मप्रांत झाला. आम्ही लॅटिन रीतीचे, मुंबई महाधर्मप्रांतातले. त्यांची युथ संघटना निराळी, आपली निराळी. शिवाय केरळात सुरू होऊन जगभर पसरलेली 'जीझस युथ' दोन्हीकडे असते. एकाच इमारतीत तीन ग्रुपचे तीन कार्यक्रम एकाच शनिवारी येतात. मुलं तिन्हीकडे जातात. आपण फक्त कोणत्या डब्यात काय पाठवायचं तेवढं विचारावं.

पायरी दुसरी: दिनदर्शिका बदला

भिंतीवर कालनिर्णय असू द्या, पण घर चर्चच्या वर्षाप्रमाणे चालेल.

सप्टेंबरात वांद्र्याची मोतमावली. ८ तारखेला पवित्र मरियेचा जन्मदिन आणि त्यानंतरच्या रविवारपासून आठवडाभर जत्रा. युथ हार्बर लाइनने जातं, वडाळ्याला गाडी बदलतं, आणि मेणबत्ती लावून येताना गुडदाणी विसरून येतं.

नोव्हेंबरात ख्रिस्तराजाचा सण. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८५ साली जागतिक युवा दिनाची घोषणा केली. २०२१ पासून पॅरिशांमध्ये तो याच रविवारी साजरा होतो. दर दोन-चार वर्षांनी जगातली पोरं एका शहरात जमतात: १९९५ ला मनिला, २०२३ ला लिस्बन, आणि २०२७ साली सोल. सोलचं नाव घरात निघालं की मातांनी शांतपणे विमानाच्या तिकिटाचा आकडा मोठ्याने वाचावा. विषय आपोआप पॅरिश पिकनिककडे वळतो.

डिसेंबराबद्दल पुढे वेगळी पायरी आहे.

फेब्रुवारी-मार्चात लेंट, म्हणजे उपवासकाळ. बोर्डाच्या परीक्षाही तेव्हाच. दर शुक्रवारी क्रूसाची वाट, शनिवारी तालीम, रविवारी रिट्रीट आणि सोमवारी रसायनशास्त्राचा पेपर. थोरलीच्या बारावीत मी अस्वस्थ झाले तेव्हा एक अनुभवी माता म्हणाली, "देवावर विश्वास ठेव गं." देवावर माझा आहेच. सेंद्रिय रसायनावर नव्हता.

पायरी तिसरी: रोमन सैनिक तयार करणे

गुड फ्रायडेला चर्चच्या आवारात जिवंत देखावा होतो. येशूची भूमिका ज्याला दाढी नीट येते त्याला मिळते. बाकीचे सैनिक.

चिलखतासाठी पुठ्ठा लागतो. पूर्वी थर्माकोल चालायचा. २०१८ च्या प्लास्टिकबंदीनंतर तो गेला. पण गुड फ्रायडे ऐन आंब्याच्या तोंडावर येतो आणि आपल्याकडे एपीएमसी मार्केट आहे, तेव्हा आंब्याच्या खोक्यांना तोटा नाही. खोकं उलगडून छाती-पाठीच्या मापाने कापा, चंदेरी रंगाचे दोन हात द्या, खांद्यावर नाडीने बांधा. शिरस्त्राणाच्या तुऱ्यासाठी लादी घासायचा लाल ब्रश अर्धा कापला की जमतो.

रंगाचे दोन हात लिहिलं आहे ते उगाच नाही. आमच्याकडे वेळेअभावी एकच झाला. येशू तिसऱ्यांदा पडतो त्या जागी धाकटा भाला रोखून वळला आणि उन्हात त्याच्या पाठीवर 'अस्सल देवगड हापूस' ही अक्षरं ठळक उमटली. मागच्या रांगेतल्या एक आजी डोळे पुसत होत्या. कशाने, ते मी विचारलं नाही.

पायरी चौथी: शिबिराला पाठवणे

इथे थट्टा बाजूला ठेवा. शिबिराच्या परवानगीपत्रावर सही करण्याआधी चार प्रश्न विचारायचे: सोबत जबाबदार मोठी माणसं कोण, मुलींबरोबर बाई ॲनिमेटर आहेत का, झोपायची व्यवस्था कशी, आणि काही वावगं घडलं तर मुलाने कुणाला फोन करायचा. चर्चची जागा आहे म्हणून हे प्रश्न गिळू नका. लहान मुलांच्या संरक्षणाचा पोक्सो कायदा २०१२ चा आहे आणि तो पॅरिशच्या फाटकाबाहेर थांबत नाही. पोप फ्रान्सिस यांनीही २०१९ साली अशा तक्रारी दडपू नयेत म्हणून साऱ्या चर्चसाठी नियम घालून दिले. चांगले फादर या प्रश्नांनी रागावत नाहीत, उलट उत्तरं लिहून देतात. जे रागावतील त्यांच्या शिबिराला मूल पाठवू नये, इतकं सोपं आहे.

सही झाली की पुन्हा थट्टेकडे या. बॅगेत दिलेले सहा टी-शर्ट घडी न मोडता परत येतील. सातवा, जो दिलाच नव्हता आणि ज्यावर शिबिराचं घोषवाक्य आहे, तो अंगावर असेल आणि चार दिवस असेल.

पायरी पाचवी: कॅरल

डिसेंबरच्या मध्यापासून पोरं गिटार, खंजिरी आणि उशी पोटाला बांधलेला एक सांता घेऊन घरोघर फिरतात. सेक्टर वाटून घेतलेले असतात. घरची मंडळी मिठाईची ताटं पुढे करतात आणि डब्यात देणगी टाकतात. रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद हा नियम असल्यामुळे वेळेचं भान ठेवावं लागतं. मुंबई-नवी मुंबईत उघड्यावरची 'मध्यरात्रीची मिस्सा'सुद्धा त्याच कारणाने कित्येक ठिकाणी संध्याकाळीच सुरू होते.

आईची कामं: वॉचमनकाकांना आधी सांगून ठेवणं, सेक्रेटरींना यादी देणं, लिफ्टमध्ये एकावेळी किती जण ते बजावणं.

पहिल्या वर्षी पोरं फक्त कॅथलिक घरांच्या बेल वाजवायची. मग तिसऱ्या मजल्यावरच्या देशपांडेकाकूंनी विचारलं, "आमच्याकडे का येत नाही रे? आम्ही काय पाप केलंय?" तेव्हापासून त्यांच्याकडेही गाणं होतं आणि काकू चिवडा देतात. पाचव्या मजल्यावरचे एक आजोबा दार उघडून उभे राहतात, संपूर्ण गाणं ऐकतात, काही न बोलता दार लावतात. पोरं दरवर्षी त्यांच्याकडे दोन कडवी जास्त म्हणतात. आम्ही याच इमारतीत राहतो आणि त्या घराची बेल मी आजवर एकदाही वाजवलेली नाही.

पायरी सहावी: व्होकेशनच्या भीतीचं व्यवस्थापन

दर रविवारी आपण सगळे मोठ्याने प्रार्थना करतो की देवाने आपल्या चर्चला चांगले फादर आणि सिस्टर द्यावेत. त्यासाठी पास्कानंतरचा एक खास रविवार आहे. १९६४ पासून जगभर पाळला जातो. प्रत्येक आई ही प्रार्थना मनापासून करते. फक्त ते फादर आणि सिस्टर दुसऱ्यांच्या घरातून यावेत, अशी मनातल्या मनात पुस्ती जोडते.

सासूबाई श्रीरामपूरकडच्या, हरेगावच्या मतमाउलीच्या. थोरली रिट्रीटहून आली की त्यांचा फोन येतो. "पोरीला सिस्टर करता का काय?" मी म्हणते, "तसं काही नाही, आई." मग लगेच त्या म्हणतात, "केली तरी काय वाईट आहे?" आणि दोघीही गप्प होतो.

वसईच्या माणसाला या बाबतीत जुना अनुभव आहे. गोन्सालो गार्सिया आमच्याकडचा. बाप पोर्तुगीज, आई इथलीच. पंधराएक वर्षांचा असताना जेझुइट फादरांबरोबर तो जपानला गेला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला क्रूसावर मेला. १८६२ साली तो संत झाला, भारतात जन्मलेला पहिला. त्याच्या नावाने चर्च आहे, कॉलेज आहे, दरवर्षी सण होतो. जपानला निघालेल्या त्या पोराला आईने काय बांधून दिलं, हे मात्र चरित्रात सापडत नाही. सण साजरा करताना मी दरवेळी तिचाच विचार करते.

हल्लीची पोरं कार्लो अकुतिसचा फोटो मोबाइलवर लावतात. जीन्स घालणारा, कॉम्प्युटरवेडा इटालियन मुलगा, युखारिस्तीय चमत्कारांची वेबसाइट करणारा. २००६ साली पंधराव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने गेला आणि ७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप लिओ यांनी त्याला संत घोषित केलं. मुलगा संत होताना आई तिथे हजर होती. असं भाग्य, भाग्य म्हणावं तर, कितीजणींना मिळतं? ती स्वतः आधी चर्चमध्ये फारशी जात नसे, मुलाच्या मागे मागे गेली, असं तीच सांगते.

उपयुक्त माहिती: धाकटा लॅपटॉपवरून हलेना आणि "कार्लोपण कॉम्प्युटरवर असायचा" असं म्हणाला, तर त्याला सांगावं की कार्लोने व्हिडिओ गेमसाठी स्वतःला आठवड्याला एक तास घालून दिला होता. संतचरित्र नीट वाचलेल्या आईपुढे युथचं काही चालत नाही.

पायरी सातवी: 'घरी का नाही?' हा प्रश्न

ही सर्वांत अवघड पायरी. हॉलमधल्या दोनशे खुर्च्या रचणारा मुलगा घरातलं ताट उचलत नाही. लहान मुलांना शांतपणे समजावणारी मुलगी स्वतःच्या भावाशी चार्जरवरून भांडते. आईच्या तोंडून वाक्य निघतं: "एवढी सेवा करतोस, मग घरी का नाही?"

हा प्रश्न जुना आहे. तरुणांचे संत म्हणून ज्यांना मानतात ते डॉन बॉस्को (नेरूळला त्यांच्या नावाची शाळा आहे) रस्त्यावरची पोरं गोळा करू लागले, तेव्हा १८४६ साली त्यांनी आपल्या आईला, मार्गारिताला, गावाकडून तूरिनला बोलावून घेतलं. ती आली. पोरांचे कपडे शिवले, स्वयंपाक केला, लग्नातली ठेवणीतली कापडंसुद्धा वापरात काढली. एक दिवस पोरांनी तिचा भाजीचा वाफा तुडवला, वाळत घातलेले कपडे मातीत लोळवले, आणि ती म्हणाली की मी गावी परत जाते. मुलाने काही न बोलता भिंतीवरच्या क्रूसाकडे बोट दाखवलं. ती राहिली, १८५६ साली मरेपर्यंत. युथ मिनिस्ट्रीचा इतिहास लिहिणारे मुलाचं बोट सांगतात. मला वाफ्यातली भाजी पुन्हा कुणी लावली ते हवं आहे. उत्तर सगळ्या मातांना ठाऊक आहे.

तेव्हा बिनदिक्कत चिडावं. परंपरा आपल्या बाजूने आहे.

पण चिडून झाल्यावर एक गोष्ट बघावी. आमच्या सेक्टरमधले एक वयस्क अंकल गेले. बायको आधीच गेलेली, मुलगा कॅनडात, तिकीट मिळेपर्यंत थांबणं शक्य नव्हतं. फादरांनी ग्रुपवर निरोप टाकला. तासाभरात पोरं जमली. थोरलीने गाणी ठरवली, अंकल कोणतं गाणं गुणगुणायचे ते त्यांच्या कामवालीला विचारून. धाकट्याने शवपेटीला खांदा दिला. दफनभूमीत एका मुलीने मोबाइल उंच धरला होता, पलीकडे अंकलचा मुलगा रडत होता, आणि तिचा हात भरून आला की दुसरी फोन घ्यायची. कुणी कुणाला सांगत नव्हतं.

रात्री जेवताना धाकटा म्हणाला, "मम्मा, पेटी उचलताना सारख्या उंचीची माणसं समोरासमोर लागतात. नाहीतर ती तिरकी होते." हे तो मला गोलकिकचा नियम सांगावा तसं सांगत होता. मग उठला, आणि ताट तिथेच.

वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्र. युथमधल्याच एका मुलाशी लेकीचं जमलंय असं वाटतं. काय करावं?
उ. काही नाही. दोन्हीकडच्या आया एकमेकींना रविवारी भेटतातच. बाकीची माहिती कॉयरच्या मागच्या रांगेतून मिळेल.

प्र. रागावून युथ सोडायला सांगू का?
उ. एकदा सांगून पाहा. मग ते घरात बसतील आणि दिवसभर 'मम्मा, खायला काय आहे' विचारतील.

प्र. पुढे मुलं कॅनडाला किंवा आखातात गेली, तर या सगळ्याचा उपयोग काय?
उ. बहुतेक जातील. तिकडच्या पॅरिशमध्ये कुणी एकटा अंकल असेलच.

प्र. पण मुलांची श्रद्धा खरंच वाढली का, हे कसं ओळखायचं?
उ. मला ते मोजता येत नाही आणि फादरांनाही येत नसावं. माझ्या मुलांच्या जपमाळेवर धूळ असते. पण तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा गुडघा कधी दुखतो, वॉचमनकाका कोणत्या गावचे, ए विंगमधल्या आजींचा मुलगा कोणत्या देशात आहे आणि त्यांच्याकडे जास्तीची किल्ली कुणापाशी ठेवलेली असते, हे त्या दोघांना माहीत आहे. मला माहीत नाही आणि या शहरात मी त्यांच्याहून जास्त वर्षं राहते. माझ्या माहेरी हे ज्ञान दहा वर्षांच्या पोराला आळीतून फुकट मिळायचं. इथे त्यासाठी मीटिंगा घ्याव्या लागतात. घेऊ देत.